वनस्पतींच्या अंगकांतील डीएनए इतका स्थिर कसा?

प्रश्न: प्राण्यांमध्ये मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केंद्रकातील डीएनएपेक्षा वेगाने बदलतो, बहुतेक वनस्पतींत मात्र नेमके उलटे दिसते. प्रकाशसंश्लेषणामुळे हरितलवकात घातक ऑक्सिजन-संयुगे सतत तयार होत असताना हे कसे साधते?

उत्तर १: बरेचसे श्रेय एमएसएच१ या जनुकाकडे जाते. ते केंद्रकात असले, तरी त्याचे प्रथिन मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक या दोन्ही अंगकांत (पेशीतील छोट्या अवयवांत) पोहोचते. प्रथिनाचा एक भाग चुकीच्या बेस-जोड्या ओळखतो, तर दुसऱ्याची रचना डीएनए कापणाऱ्या विकरासारखी आहे; त्यामुळे चुकीच्या जागी दोन्ही धागे कापले जाऊन निर्दोष प्रतीबरहुकूम दुरुस्ती होत असावी. प्रतींचा तुटवडा नसतोच. एका पानपेशीत हरितलवकाच्या डीएनएच्या हजारो प्रती सापडतात.

उत्तर २: पुराव्यासाठी अरॅबिडॉप्सिस ही प्रयोगांत नेहमी वापरली जाणारी छोटी वनस्पती पाहावी. अनुवंशशास्त्रज्ञ रेडेई यांनी १९७३ मध्ये वर्णिलेल्या, याच जनुकात बिघाड असलेल्या उत्परिवर्तित रोपांच्या पानांवर पांढरट-पिवळे चट्टे उमटत. संकराने निरोगी जनुक परत आणले, तरी ते चट्टे मातेकडून संततीत उतरतच राहिले, कारण बिघाड आता अंगकांतच रुजला होता.

प्रश्नकर्ता: मग वनस्पतींत मायटोकॉन्ड्रियाच्या जीनोमची, म्हणजे तिथल्या संपूर्ण डीएनएची, मांडणी इतकी चंचल का?

उत्तर १: माझ्या मते ती पुनःसंयोजनाने, म्हणजे सारख्या डीएनए-तुकड्यांच्या अदलाबदलीने, दुरुस्ती करण्याची किंमत आहे. लांब पुनरावृत्त क्रमांमध्ये अदलाबदल चालूच राहते. त्यांहून आखूड क्रमांमधली एमएसएच१ बरीचशी रोखते.