चिऊताईने पहिल्याच हाकेला दार उघडलं, तर गोष्ट उरली कुठे?

उंबरठा
काल इथे कुणीतरी चिऊ-काऊच्या एका नव्या चित्रपुस्तकाचं तोंडभरून कौतुक केलं. त्यात काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दाराशी येतो आणि ती पहिल्याच हाकेला दार उघडते. पान उलटलं की दोघं एका पांघरुणात. "अखेर क्रौर्य नसलेली चिऊ-काऊ आली," असं त्या लेखात म्हटलं होतं. वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

अहो, ती गोष्टच मुळी दाराची आहे. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे." प्रत्येक 'थांब'ला ऐकणारं मूल आपल्याला जरा जास्त बिलगतं. काऊ भिजतोय हे त्याला कळतं, चिऊचं बाळ लहान आहे हेही कळतं. दोन्हीकडून जीव ओढला जातो. तो ताण काढून टाकलात की मागे राहतं ते 'शेजाऱ्याला मदत करावी' एवढंच, आणि ते सांगायला ना पाऊस लागतो ना मेणाचं घर.

चित्रपुस्तकात तर ही गोष्ट काय सुंदर बसते! 32 पानं, म्हणजे 16 पानी दोन फॉर्म. शीर्षक आणि श्रेयाची पानं सोडली तरी तेरा-चौदा जोडपानं हाताशी राहतात. दर पानावर तेच दार, तीच चौकट, फक्त बाहेर पाणी बोटभर चढलेलं आणि आत बाळाचं एकेक काम उरकलेलं. शब्दांनी आतलं सांगायचं, चित्राने बाहेरचं. पान उलटलं की कडी वाजलीच. एवढं हातात असताना पहिल्याच पानावर दार उघडून मोकळे झालात?

बालवाडीताई
ही गोष्ट पंचवीस मुलांपुढे बसून कधी सांगितली आहेत का? मी अकरा वर्षं सांगतेय.

एका पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलीच्या घरात पाणी शिरलं. आठ-दहा दिवस ती मंडळी नातेवाइकांकडे होती. ती परत आली त्याच आठवड्यात मी नेहमीच्या उत्साहात चिऊ-काऊ सुरू केली. तिसऱ्या 'थांब'ला ती उठली, वर्गाच्या दाराशी गेली, टाचा उंचावून कडी काढली आणि दार धरून तिथेच उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून माझी चिऊ पहिल्या हाकेला दार उघडते. तुम्हाला ते मिळमिळीत वाटत असेल तर वाटू दे.

आणि चित्रांचं म्हणाल तर काऊ काळा, गबाळा, शेणाच्या घरातला. चिऊ गुलाबी गालांची, पापण्या लांब. कानांनी ऐकताना मूल आपला काऊ आपण रंगवतं, पण चित्र एकदा पाहिलं की तोच काऊ कायमचा. घर कुणाचं वाहून जातं आणि दार कुणी बंद ठेवायचं, हे चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत आपणच भरतो.

खडाष्टक
मूळ गोष्ट, मूळ गोष्ट म्हणताय ती कुठली? माझ्या मावशीच्या गोष्टीत चिऊ काऊला तापल्या तव्यावर बसवायची. आईच्या गोष्टीत काऊ आत येऊन चिऊची पिल्लं मटकवायचा आणि "कुडुम कुडुम काय खातोस?" विचारलं की "सुपारी" म्हणायचा. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच आजीकडून ऐकलेल्या. मूळ कोणतं ठरवायचं?

लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंनीही तेच केलं. 1812 च्या आवृत्तीत हान्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायचं सुचवते ती सख्खी आई. 1840 पर्यंत तिची सावत्र आई झाली होती. लाल टोपीवाली मुलगी फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 च्या पुस्तकात लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिमकडे येतो. लोककथा बदलत आली म्हणून तर टिकली. तुमच्या कानावर पडली तेवढीच खरी, हा हट्ट सोडा.

उंबरठा
बदलू नका असं मी कुठे म्हटलं? ग्रिमनी आई बदलली, जंगल काढून टाकलं नाही. तुमची मावशी तवा तापवायची आणि आई सुपारी फोडायची, पण दोघींनीही काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवलाच ना? शेवट कुणी कसाही करावा. माझं भांडण मधल्या वाट पाहण्यासाठी आहे.

ताई, त्या मुलीसमोर मीही दार उघडलं असतं. पण ते तुम्ही उघडलंत, त्या वर्गात, तिचा चेहरा बघून. पुस्तक छापताना तोच निर्णय सगळ्या मुलांसाठी एकदाच आणि कायमचा होतो.

बालवाडीताई
अगदी बरोबर. पुस्तकाला मुलाचा चेहरा दिसत नाही, म्हणूनच त्याने जपून बोलायला हवं. वाचून दाखवणारं माणूस प्रत्येक मुलाच्या शेजारी बसलेलं असतं, असं तुम्ही धरून चालता. माझ्या वर्गातली अर्धी मुलं एकटीच पानं उलटतात.

रेघोटी
मी चित्रं काढते, तेव्हा काऊच्या रंगाबद्दल मला बोलू द्या. कावळा नुसता काळा नसतोच. मानेभोवती राखाडी पट्टा असतो, पंखांवर ऊन पडलं की निळी-जांभळी झाक येते. मी तसाच काढला होता. "मुलांना एवढं कळत नाही, सरसकट काळा करा आणि चिमणीला पापण्या द्या" हे प्रकाशकाने सांगितलं. चिमणीला पापण्या! मी भांडले, कावळा वाचवला, पापण्या टाळता आल्या नाहीत.

आणि इतका वेळ तुम्ही सगळे पुस्तकाबद्दल बोलताय, कालच्या त्या लेखात चित्रकाराचं नाव होतं का? या धाग्यातही कुणी विचारलं नाही. माझ्या पुस्तकात मजकूर साडेतीनशे शब्दांचा, गोष्ट सगळ्या गावाची. पुनर्कथन करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर ठसठशीत. चार महिने बसून मी चौदा जोडपानं रंगवली, माझं नाव आत मुद्रकाच्या पत्त्याखाली, भिंग घेऊन शोधावं लागेल असं. मूळ चित्रं आजतागायत परत मिळालेली नाहीत.

खडाष्टक
धागा कशावर होता आणि कुठे चालला! पैसे मिळाले ना? लोककथेवर कुणाचाच हक्क नसतो, नावाचा एवढा सोस कशाला?

रेघोटी
सोस नाही, हक्क आहे. लोककथेवर कुणाचा हक्क नसेल, चित्रावर आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 काढून वाचा. स्वामित्व दुसऱ्याला देऊन टाकलं तरी 'हे माझं काम आहे' असं सांगायचा निर्मात्याचा हक्क राहतो. पुढच्या वेळी तुमच्या घामाचं काम दुसऱ्याच्या नावाने छापू, मग सोस कशाला ते विचारते.

जातं
रेघोटीताई, तुमचं नाव निदान भिंगाने तरी सापडतं. सांगणारीचं कुठेच नसतं.

1868 साली मेरी फ्रियरने 'ओल्ड डेक्कन डेज' छापलं. बाप मुंबईचा गव्हर्नर, चित्रं बहिणीची. गोष्टी सांगितल्या होत्या त्यांच्याकडे काम करणाऱ्या अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयाबाईने, आणि तिने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. पण पुस्तकाच्या सुरुवातीला या अ‍ॅनाची स्वतःची कहाणी आहे, नावानिशी. राणीच्या राज्यात एका नोकर बाईला एवढी जागा मिळाली. आज आपण 'पारंपरिक' हा एक शब्द टाकून हात झटकतो.

माझ्या आजीची 'भोपळ्यातली म्हातारी' मी फोनवर रेकॉर्ड केली होती. तिचा भोपळा "टुणूक टुणूक" जात नाही, "गडगड गडगड, हूं, पुढं बघ" असा जातो. तो 'हूं' तिचा आहे, उतारावर पाय टेकवल्यासारखा. एका परिचितांना ऐकायला दिलं. दोन वर्षांनी त्यांचं चित्रपुस्तक आलं, त्यात तो 'हूं' जसाच्या तसा. श्रेय कुणाला, तर 'पारंपरिक'. आजीला पुस्तक दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "यांची पण आजी माझ्यासारखीच सांगायची वाटतं." मी तिला काय सांगणार होतो?

खडाष्टक
हे मात्र वाईट झालं. तेवढं मान्य. पण मग कुणी गोष्ट सांगायची म्हटली की आधी वंशावळ मागणार का? माझ्या आईने कुणाचं नाव घेऊन सांगितली होती?

जातं
आईने विकली नव्हती.

बालवाडीताई
तुमची भांडणं रास्त आहेत, पण तीस प्रतिसादांत मुलं कुठे गेली? मुखपृष्ठावर कुणाचं नाव आहे ते चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. त्याला दार दिसतं.

उंबरठा, तुमच्यासाठी काल वर्गात एक करून पाहिलं. दोन 'थांब' ठेवले. पहिल्याला मुलं हसली. दुसऱ्याला एकदम गप्प झाली आणि दार उघडल्यावर जो ओरडा झाला तो पहिल्या हाकेवर कधी होत नाही. एवढं मान्य करते. ती मुलगी आता मोठ्या वर्गात आहे, ती नव्हती म्हणून केलं.

उंबरठा
दोन? गोष्ट तीनवर चालते, ताई. तिसऱ्याला मूल स्वतःच "उघड ना!" म्हणतं.

बालवाडीताई
तिसऱ्याला ती उठली होती. दोन.

रेघोटी
तुमचं वाचता वाचता पेन्सिल घेतली. दार बंदच ठेवलंय, पण खाली एक फट सोडली. पहिल्या 'थांब'ला फटीतून उजेडाची पट्टी काऊच्या पायांवर पडते. दुसऱ्याला पाणी त्याच पट्टीतून आत शिरायला लागतं, म्हणजे ते आता चिऊचंही पाणी झालं. तिसऱ्याला काय काढू ते सुचत नाहीये.

जातं
आजीला विचारतो. ती सांगेल ते नाव घालूनच काढा.