मदत हवी आहे: रंगवलेल्या केसांचा पार खराटा झालाय, तेल कोणतं आणि कसं लावू?

धायरीची_मावशी

थोडं लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कसा मिळणार?

वय ४७. केस खांद्याखाली चार बोटं, मूळचे जाड, किंचित कुरळे. गेली सहा वर्षं दर पाच आठवड्यांनी घरीच गडद तपकिरी रंग लावतेय, पांढरे लपवायला. फारशी तक्रार नव्हती. मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी पार्लरमध्ये जाऊन हायलाइट्स करून आले. म्हणजे आधी ब्लीच, मग त्यावर मधासारखा रंग. लग्नाच्या फोटोंत छान दिसतेय, खोटं कशाला बोलू.

आता ऑगस्ट. खालचे सहा-सात इंच म्हणजे नारळाची शेंडी. ओले असताना रबरासारखे ताणले जातात, वाळले की भरभरीत. कंगवा मध्यावर येऊन अडकतो. उशीच्या अभ्र्यावर केसांचे तुकडे पडलेले असतात. गळलेले नव्हे, तुटलेले.

आईने नेहमीचा उपाय सांगितला: "डोक्याला तेल घाल, तेल मिळत नाही म्हणून ही दशा." मग गेले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा रात्री वाटीभर खोबरेल, मुळापासून टोकापर्यंत चापूनचोपून. सकाळी शाम्पू. एकदा लावून ओशटपणा जात नाही म्हणून दोनदा, कधी तीनदा. आणि केस आधीपेक्षा जास्त कोरडे! रंग विटला, वर टाळूला खाज आणि कोंडा सुरू झाला.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर बसतो. घरात सध्या खोबरेल आहे, एरंडेलाची अर्धी बाटली आहे, बाजारातलं बदाम तेल आहे आणि भाचीने अपराधी वाटून दिलेली आर्गन तेलाची बोटभर बाटली आहे. यातलं नेमकं काय वापरू? रात्रभर ठेवायचं की तासभर? तेलाने रंग उतरतो का? पार्लरवाली जी ट्रीटमेंट सुचवतेय तिचे पैसे ऐकून मी पाणी प्यायले, त्यामुळे उपाय घरातलाच हवा.

कापूसकोंड्या

केस आहेत हेच भाग्य समजा. मला तेल लावायला डोकं आहे, बाकी काही नाही.

रत्नांग्रीची_लेक

मावशी, बाटलीतलं खोबरेल सोडा. ओल्या नारळाचं दूध काढून कढवलेलं तेल मिळतं का बघा. आमच्याकडे आजी अजून करते, घरभर वास सुटतो. आम्ही रोज लावतो, वेणी घालतो, कोणाचेच केस राठ नाहीत. तेल कमी पडत असणार तुमचं. आणखी लावा.

बीकरवाली

रत्नांग्रीच्या ताई, तुमच्या आजीच्या तेलाला नमस्कार, पण तुमच्याकडे कोणी ब्लीच केलेलं नाही आणि हवा बारा महिने दमट आहे. तुलना होत नाही.

मी केसांची उत्पादनं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मावशी, तुमचं तेल कमी पडत नाहीये, जास्त होतंय.

केसाच्या बाहेरून माशासारखी खवल्यांची चादर असते. त्या खवल्यांवर जन्मजात चिकटलेला एक अगदी पातळ स्निग्ध थर असतो, त्यामुळे चांगल्या केसावर पाणी पटकन मुरत नाही. कायमस्वरूपी रंगात अमोनिया किंवा तत्सम काही असतं, ते खवले उघडतं. सोबतचं पेरॉक्साइड (घरगुती रंगात मिसळल्याआधी साधारण ६ टक्के, पार्लरच्या भाषेत २० व्हॉल्यूम) मूळचा रंग फिका करतं आणि नवा रंग आत तयार करतं. या उद्योगात तो स्निग्ध थर निघून जातो. ब्लीच त्याहून कडक. तिथे केसाच्या आतल्या प्रथिनालाच धक्का बसतो. मग केस पाणी स्पंजासारखं पितो, फुगतो, वाळला की आक्रसतो. दर न्हाण्याला हेच. ओला केस रबरासारखा ताणला जातो तो यामुळे.

आता तेल. तेलात पाणी नसतं, त्यामुळे तेल केसाला ओलावा "देत" नाही. ते दोन कामं करतं. केसात शिरून किंवा वर बसून पाणी बेसुमार आत जाऊ देत नाही, आणि घर्षण कमी करतं. शिरण्याचं काम खोबरेलाला चांगलं जमतं, कारण त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळ. २००३ साली मुंबईत खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल अशी तुलना झाली होती. केस धुताना जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं, खराब केसांतसुद्धा. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हेही सांगायला हवं. पण खोबरेल केसात शिरतं हे नंतर इतरांनाही दिसलं आहे.

यातला "केस धुताना" हा शब्द महत्त्वाचा. तेल धुण्याआधी लावायचं, म्हणजे पाणी आणि शाम्पूपासून आडोसा मिळतो. केस जेवढं पिऊ शकतो तेवढंच पितो, बाकीचं वर लोंबकळतं. तुम्ही वाटीभर ओतता, मग ते काढायला तीनदा शाम्पू, म्हणजे आडोसा गेला आणि उरलंसुरलंही गेलं. रंग विटला तो तेलाने नव्हे, त्या तीन शाम्पूंनी आणि पाण्याने.

तुमच्या लांबीला दोन चहाचे चमचे खोबरेल पुष्कळ झालं. कोरड्या केसांवर, कानाच्या खालून टोकापर्यंत. तळहातावर चोळून बोटांनी बटा ओढत लावायचं, ठिबकता कामा नये. अर्धा-पाऊण तास ठेवा, फार तर दोन तास. तेल आचेवर तापवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलं की झालं.

मग शाम्पू एकदाच, तोही टाळूला. खालच्या केसांना ओघळणारा फेस पुरतो. आणि कंडिशनर न चुकता. त्यातले घटक धन भाराचे असतात आणि खराब झालेल्या जागी ऋण भार जास्त, त्यामुळे जिथे गरज आहे तिथेच ते जाऊन बसतात. तेल हे काम करत नाही. "घरगुतीच हवं" म्हणून कंडिशनर टाळत असाल तर तो हट्ट सोडा, साधा स्वस्तातला चालेल.

आर्गनचे दोनच थेंब, केस टॉवेलने टिपल्यावर ओलसर असताना टोकांना. बोटभर बाटली सहा महिने जाईल. एरंडेल मात्र नको. फार घट्ट आणि चिकट असतं, आणि तुमचे खवले आधीच उभे आहेत. एरंडेल लावून धुतल्यावर केसांची जट होऊन कापावे लागल्याचं प्रकरण केसांच्या विकारांवरच्या नियतकालिकात आलेलं आहे.

बदाम तेलाच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचून सांगा बरं.

धायरीची_मावशी

बापरे, तीन शाम्पू! मी तेलाला नावं ठेवत होते.

चष्मा लावून वाचलं. पुढे एवढा मोठा बदाम काढलाय आणि मागे पहिलंच नाव लाइट लिक्विड पॅराफिन. बदाम तेल खाली कुठेतरी, सुगंधाच्या जवळ.

बीकरवाली

वाटलंच. ते खनिज तेल. विषारी वगैरे नाही, वरून चमक देतं, गुंता सोडवायला बरं. पण आत शिरत नाही. संपवून टाका, पुन्हा आणू नका.

सोलापुरी_चटणी

पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडेही बोअर. क्षार केसांवर बसतात आणि खराब झालेले केस ते जास्त धरून ठेवतात. बायकोने दोन गोष्टी केल्या. कढत पाणी बंद करून कोमट घेतलं, आणि शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. फरक पडला असं ती म्हणते, मी मान डोलावतो.

तेल आम्ही लाकडी घाण्याचं करडईचं वापरतो. हलकं असतं, लवकर धुतलं जातं. केसांत शिरतं का ते मॅडमना विचारा. आम्ही उरलं की फोडणीला टाकतो.

बीकरवाली

खोबरेलाइतकं शिरत नाही. पण दुसरं काही घरात नसेल तर न लावण्यापेक्षा बरं. फोडणीला उत्तम :)

कात्री_कंगवा

माझं छोटं पार्लर आहे, वीस वर्षं झाली. खरं बोलते म्हणून राग मानू नका. फाटे फुटलेला केस कुठल्याच तेलाने जुळत नाही, ट्रीटमेंटनेही नाही. केस मेलेलाच असतो, तो भरून येत नाही. खालचे तीन इंच कापा. मनाला लागेल, पण फाटा वर चढत जातो.

आता मला एक सांगा: दर पाच आठवड्यांनी रंग लावता तो मुळांना की पूर्ण केसांना?

धायरीची_मावशी

आधी मुळांना, मग उरलेला फुकट कशाला घालवायचा म्हणून खालपर्यंत ओढते. शेवटची दहा मिनिटं.

कात्री_कंगवा

हेच ते! घरी रंग लावणाऱ्या दहापैकी आठ जणी हेच करतात. तुमच्या लांबीची टोकं अडीच-तीन वर्षांची असणार, म्हणजे त्यांनी पंचवीस-तीस वेळा रंग खाल्लाय, वर ब्लीच. ब्लीचवर सगळं खापर फोडू नका.

पुढच्या वेळी नुसती मुळं. आणि रंग लावण्याआधी खालच्या केसांना खोबरेलाचा पातळ हात द्या, धुताना ओघळणारा रंग टोकांवर चढत नाही. कपाळाच्या कडेला आणि कानांनाही, कातडी रंगत नाही. मुळांना मात्र तेल नको, पांढऱ्यांवर रंग धरणार नाही. उरलेला रंग फेकून द्या. मिसळलेला रंग ठेवून पुन्हा वापरायचा नसतो.

विटलेल्या हायलाइट्सवर घाईने मेंदी थापू नका. काळ्या मेंदीच्या पुड्यांत काय काय असतं ते पुडीवर नीट लिहिलेलं नसतं.

अनामिक_डॉक्टरीणबाई

टाळूच्या खाजेबद्दल दोन ओळी. कोंडा होतो त्यात मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो, ती सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि तेलातल्या आम्लांवर जगते. वाटीभर तेल रात्रभर म्हणजे तिला जेवणाचं ताट. कोंडा आहे तोवर टाळूला तेल पूर्ण बंद.

पण खाज रंग लावल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत वाढते का, हे बघा. कानांच्या मागे, कपाळाच्या कडेला लाली, पुरळ, पापण्या सुजणं असं काही? तसं असेल तर ती रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी असू शकते. वर्षानुवर्षं चालणारा रंगसुद्धा एक दिवस चालेनासा होतो. तेव्हा रंग थांबवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दर वेळी ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहायचा असतो. पाकिटावर लिहिलेलं असतं, कोणी करत नाही.

धायरीची_मावशी

लाली, सूज काही नाही. खाज तेलाच्या दुसऱ्या दिवशी असते, रंगाशी संबंध दिसत नाही. तरी पुढच्या वेळी कानामागे लावून बघते, सहा वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

लिंबूटिंबू

दही, लिंबू, मध आणि तेल असा लेप लावते मी. नैसर्गिक आहे. चालेल ना त्यांना?

बीकरवाली

लिंबू नको हो. आधीच फिक्या झालेल्या केसांवर, त्यातून उन्हात बाहेर पडलात तर आणखी फिके आणि कोरडे. दही-मध लावा हौस असेल तर, धुताना त्रास तेवढा होतो.

धायरीची_मावशी

दोन महिन्यांनी परत आलेय, हिशोब द्यायला.

तीन इंच कापले. रडले नाही, पण रिक्षात गप्प होते. रंग दोनदा लावला, फक्त मुळांना, टोकांना खोबरेलाचा हात देऊन. पहिल्यांदा मुळांपर्यंत तेल ओघळलं आणि भांगाजवळ चार पांढरे हसत राहिले. दुसऱ्यांदा जमलं. कानामागे लावून पाहिला होता, काही झालं नाही.

तेल आठवड्यातून दोनदा, दोन चमचे, न्हाण्याआधी पाऊण तास. त्या वेळात कुकर लावून होतो. शाम्पू एकदाच. पहिल्या दोन वेळा तेल राहिल्यासारखं वाटलं, तेव्हा कळलं की दोन चमचेही मला जास्त होतात, आता दीडच घेते. कंडिशनर लावते. फिल्टरचं पाणी एका तांब्यापुरतंच, घरात त्यावरून कुरकुर आहे.

कोंडा महिन्याभरात गेला. रबरासारखं ताणणं अजून आहे, हायलाइट्सच्या बटांत जास्त. ते बहुतेक कापूनच जाईल. पण कंगवा आता मध्ये अडकत नाही, खालपर्यंत येतो. अभ्र्यावरचे तुकडे मोजायचे सोडून दिलेत, म्हणजे कमी झाले असणार.

आता नवा पेच. दिवाळी जवळ आली. आई म्हणतेय, नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाचं तेल मी तुझ्या डोक्यावर घालणारच, तुझी ती बीकरवाली काही म्हणो. तिचं वय ७६. काय करू?

बीकरवाली

घालू द्या. कोंडा गेलाय ना? एका दिवसाने काही होत नाही.

फक्त वाटी तुम्ही भरून द्या, आईंना बरणी देऊ नका.

रत्नांग्रीची_लेक

पत्ता कळवा मावशी, आजीचं तेल पाठवते. लहान बाटली :)