चर्चा: पाळण्याचं रूप बदललं की नावही बदलायचं का?

गिरणाकाठ, जळगाव
फ्लोरिडात डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज पार्कात 1999 पासून ‘रॉक एन रोलर कोस्टर’ हा रुळांवरून सुसाट गाडीचा पाळणा आहे. एरोस्मिथ बँड जाऊन तिथे मपेट्स बाहुल्या येणार, हे 2024 मध्ये जाहीर झालं. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. तेव्हापासून दर रविवारी फोनवर दुसरा विषय नाही. मला त्यात आवडलं ते नाव. शेवटच्या ‘स्टारिंग एरोस्मिथ’चं फक्त ‘स्टारिंग द मपेट्स’ केलं, आधीचं ‘रॉक एन रोलर कोस्टर’ तसंच ठेवलं. गाडी तीच आहे, 3 सेकंदांच्या आत ताशी 90 किलोमीटरवर जाणारी, मग नाव पुसायचं कशाला?

याउलट डिस्नेच्याच अमेरिकेतल्या पार्कांतला ‘स्प्लॅश माउंटन’ हा पाण्यातला पाळणा. डोंगरावरून पडाल आणि भिजाल, दोन शब्दांत सगळं आलं. 2024 मध्ये त्याचं ‘टियानाज बायू अॅडव्हेंचर’ झालं. 50 फुटांची उडी आहे तशीच आहे, नावात मात्र तिचा मागमूस नाही.

आपला ‘रहाटपाळणा’ शब्द बघा. विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलेल्या माणसाला तो न बसताच कळतो. नाव असं अंगाला कळायला हवं. मागच्या दिवाळीत एका पार्कात जुन्या पाळण्याला नवा रंग देऊन परीकथेतलं गोंडस नाव ठेवलं होतं. ते ऐकून आई बसली. तिला बीपी आहे. उतरली तेव्हा दांडा धरून धरून बोटं पांढरी पडली होती, मूठ उघडेना. मीच एकेक बोट सोडवलं.

पांझराकाठ, धुळे
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण हा दोष फाटकावरच्या माणसाचा. बीपीवाल्यांनी बसू नये हे त्यानं सांगायला हवं होतं, ते काम नावाचं नाही.

‘स्प्लॅश माउंटन’ लहर आली म्हणून बदललेलं नाही. त्यातली पात्रं 1946 च्या एका चित्रपटातली. गुलामगिरीनंतरच्या काळातल्या काळ्या लोकांचं त्यातलं चित्रण अनेकांना अनेक दशकं बोचत होतं. 2020 मध्ये बदल जाहीर झाला. नवीन कथा टियाना या काळ्या नायिकेची आहे, मग पाटीवर तिचं नाव नको? आणि बायू म्हणजे लुइझियानातलं संथ, दलदलीचं पाणी. पाणी आहेच की नावात!

राहिला रहाट. माझ्या मुलीनं तो कधी पाहिलेलाच नाही. शेतात बोअर आणि ठिबक. तिला रहाटपाळणा म्हटलं तर काय कळणार?

गिरणाकाठ, जळगाव
ताई, ती पात्रं काढली हे योग्यच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण ‘स्प्लॅश’ आणि ‘माउंटन’ या शब्दांनी कुणाचा अपमान केला होता? कथा बदला, नाव राहू द्या.

तापीकाठ, सारंगखेडा
दत्तजयंतीच्या यात्रेत आमच्या मामांचे पाळणे लागायचे. एका वर्षी त्यांनी कोलंबसला, म्हणजे झुलत्या जहाजाला, पत्र्याचं ड्रॅगनचं तोंड बसवलं. पाटीवर लाल रंगात ‘ड्रॅगन’ लिहून घेतलं. पोरं खिडकीशी येऊन म्हणत, “दोन कोलंबसची द्या.” मामा पाटी दाखवायचे, पोरं तरी कोलंबसच म्हणायची. दोन यात्रांनंतर मामांनी ब्लेडनं रंग खरवडला. खाली जुनं नाव अजून दिसत होतं, त्यावरूनच पेंटरनं पुन्हा गिरवलं. मामी म्हणायची, “नाव काहीबी ठेवा, पाळना तो पाळनाच शे.” मला ते पटत नाही. लोकांनी धरलेलं नाव मालकालाही सोडवत नाही.

पांझराकाठ, धुळे
भाऊ, तुमच्या मामांची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. कोलंबस या नावात झुलणं कुठे आहे? पोटात गोळा येणं कुठे आहे? एका खलाशाचं नाव ते. लोक बसत गेले तसा त्याला अर्थ चिकटला. जत्रेतल्या ‘टोराटोरा’ पाळण्याचंही तेच. टियानालाही वीस वर्षं द्या.

सातपुडा, अक्कलकुवा
खोपोलीच्या इमॅजिकात ‘राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर’ आहे. पोराला घेऊन गेलो होतो. पाण्यातून होडी आणि वर डायनासोर. घरी आल्यावर त्याचं पूर्ण नाव शोधलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून 2003 मध्ये ठेवलेलं. नर्मदेन्सिस, म्हणजे आपल्या नर्मदेवरून! आमच्या तालुक्याच्या उत्तरेची सीमाच ती. पोरगा आता नर्मदेकडे बघतो ते वेगळ्या डोळ्यांनी. ‘पाण्यातली घसरण’ नाव असतं तर हे घडलं असतं का?

गिरणाकाठ, जळगाव
राजासॉरसपुढे माझं म्हणणं कमी पडतं, मान्य. खरं शिकवणारं नाव असेल तर मीही ते उचलून धरीन. पण मग नावाखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ हवी, भिजाल की पडाल की उलटे व्हाल. मराठीत हवी, आईला वाचता येईल अशी.

पांझराकाठ, धुळे
ती ओळ हवीच, आणि तिकीट खिडकीवरही हवी. नाव मात्र कथेबरोबर बदलायचंच, यावर मी ठाम आहे.