डोहाळजेवणाचा मेनू आणि बाळाच्या किडन्या

मंदाकाकू (ए विंग): शनिवारी स्नेहलचं डोहाळजेवण, सगळ्यांनी ५ वाजता हॉलमध्ये यायचं. मेनू असा ठरतोय, पुरणपोळी, बासुंदी, साखरभात, भजी, कटाची आमटी. डिंकाचे लाडू मी घरी करतेय तिला रोज एक द्यायला

स्नेहल: काकू राग मानू नका पण गोड जरा कमी ठेवाल का? परवा डॉक्टर वजनावरून बोलले. आधीच ७८ होतं, आता ८९ झालंय आणि आत्ता कुठे सातवा लागलाय

मंदाकाकू: अगं डॉक्टर बोलतातच. दोन जिवांची आहेस, आता नाही खायचं तर कधी खायचं

वंदनाताई (सी विंग): मंदाताई, मध्ये बोलते. मी २२ वर्षं नर्सिंग केलंय, त्यातली शेवटची ९ डायलिसिसला, त्यामुळे राहवत नाही. बाळाच्या किडन्या पोटातच तयार होतात हे सगळ्यांना माहितीय, पण किडनीतल्या ज्या बारीक गाळण्या असतात ना, नेफ्रॉन म्हणतात त्यांना, त्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंतच बनतात आणि निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे स्नेहलचे आत्ताचे दिवस. जन्मल्यावर नवीन एकही बनत नाही. एका किडनीत साधारण ९-१० लाख असतात पण कुणाला २-३ लाखच मिळतात तर कुणाला २० लाखांच्या वर, आणि जे मिळालं त्यावर जन्म काढायचा

वंदनाताई: कमी असल्या की उरलेल्यांवर लोड येतो, त्या जास्त प्रेशरने गाळतात, मग हळूहळू त्याच खराब होत जातात, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, बीपी वाढतं. ब्रेनर नावाच्या किडनीच्या डॉक्टरांनी १९८८ मध्येच हे मांडलं होतं

प्राची (बी विंग): पण ताई याचा आईच्या वजनाशी काय संबंध? आम्हाला तर सांगतात बाळ अशक्त नको

वंदनाताई: तेही खरंच आहे, अशक्त बाळालाही गाळण्या कमीच मिळतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केलाय, आपल्याकडची बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त असं त्यातून पुढे आलं. म्हणून स्नेहल तू उपाशी राहू नकोस, डाएट वगैरे अजिबात नाही. पण आईचं वजन खूप असलं की शरीरात एक बारीक सूज कायम असते, साखर चढी राहते, इन्सुलिन चढं राहतं, आणि ते सगळं बाळाच्या बनत्या किडनीपर्यंत पोचतं. उंदरांवरच्या प्रयोगांत लठ्ठ मादीच्या पिल्लांना मोठेपणी बीपी, लघवीत प्रोटीन, किडनीत व्रण असं दिसलंय, आणि पिल्लांनाही तसंच तेलकट खायला घातलं तर जास्तच. माणसांत असं स्वच्छ वेगळं काढता येत नाही, कारण आईला शुगर पण असते आणि घरात सगळ्यांचं खाणं एकच, तरी संबंध दिसतोच

स्नेहल: मग आता मी काय करू ताई? ११ किलो तर वाढलं

वंदनाताई: वाढलेलं आता उतरवायचं नाही. अमेरिकेत २००९ पासून असं धरतात की आधीच लठ्ठ असेल तर पूर्ण ९ महिन्यांत ५ ते ९ किलो पुरे, बारीक असेल तिलाच जास्त. तुझं पुढे किती वाढू द्यायचं ते तुझ्या डॉक्टरांनाच विचार. त्यांची परवानगी असेल तर सकाळी गोल्फ क्लबला माझ्याबरोबर सावकाश चाल, भाकरी-उसळ-पालेभाजी पोटभर खा. आणि कंबर दुखली म्हणून पेनकिलर मनाने घ्यायची नाही, काही गोळ्या या दिवसांत थेट बाळाच्या किडनीवर जातात

मंदाकाकू: मला हे खरंच माहीत नव्हतं गं. आमच्या वेळी ताटात उरलं की सासूबाई ओरडायच्या. बासुंदी काढते, ओटी भरायला फळं आणू, पुरणपोळी मात्र एक तरी हवी तिला

वंदनाताई: एक खाऊ दे की, सणाचं आहे

अनघा (डी विंग): ताई मी मघापासून वाचतेय आणि पोटात गोळा आलाय. आर्यनच्या वेळी माझं वजन ९२ होतं, शुगरपण निघाली होती, आता तो ९ वर्षांचा आहे. मी त्याचं नुकसान केलं का?

वंदनाताई: नाही अनघा, असं मनात आणू नकोस. हे धोका वाढण्याबद्दल आहे, तुझ्या लेकराच्या नशिबाबद्दल नाही. अशी कितीतरी मुलं ठणठणीत मोठी होतात. आणि त्या वेळी तुला हे कुणी सांगितलं होतं का? घरचे भरवत होते, तू खाल्लंस. जे पुढे आहे ते आपल्या हातात आहे. त्याचं वजन सांभाळ, वेफर्स-फरसाण-लोणचं कमी कर, आणि ३ वर्षांनंतर मुलांचं बीपी वर्षातून एकदा बघायचं असतं ते बघ

अनघा: मुलांचं बीपी?? आजपर्यंत कुणी बघितलंच नाही. तुमच्याकडे मशीन आहे ना, संध्याकाळी आणू का त्याला?

वंदनाताई: माझा पट्टा मोठ्या माणसांचा आहे. लहान दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा खोटाच कमी येतो आणि आपण निश्चिंत होतो. मुलांच्या डॉक्टरांकडेच ने, तेव्हाच सकाळच्या पहिल्या लघवीत प्रोटीन बघायची गरज आहे का तेही विचार, आणि डिलिव्हरीची फाईल बरोबर ने, तुझी शुगर किती होती ते त्यांना कळलं पाहिजे

अनघा: फाईल माळ्यावरच्या पेटीत आहे बहुतेक. हे आले की काढायला सांगते