समाजकल्याण सेवा "मजबूत करा" म्हणतात तेव्हा पैसा नक्की कुठे घालायचा?

चौकसबाई:
मंडळी, एका चर्चागटात यावरून आमचं जोरात वाजलंय म्हणून इथे टाकतेय. सरकारने चालवायच्या ज्या सेवा असतात, म्हणजे घरात हेळसांड किंवा मारहाण होणारी मुलं, कमाई बंद पडलेली कुटुंबं, एकटे पडलेले किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्यासाठीच्या, त्या मजबूत व्हायला हव्यात यावर दुमत नाही, पण मजबूत म्हणजे काय हे विचारलं की ज्याची त्याची वेगळी टिमकी. एक म्हणतो बजेट वाढवा, बाकी आपोआप होतं. दुसरा म्हणतो पैसा आहे पण गळती आहे, सगळं एका पोर्टलवर आणा म्हणजे बोगस लाभार्थी उडतील. तिसरीचं म्हणणं बालगृहं आणि वृद्धाश्रम वाढवा, निदान डोक्यावर छप्पर तर येईल. मला तिन्ही अर्धवट वाटतात पण कुठे बोट ठेवायचं ते सुचत नाहीये. प्रत्यक्ष या कामात असलेलं कोणी आहे का? आणि कृपया "लोकांची मानसिकता बदलायला हवी" हे उत्तर नको, ते आमच्याकडे ढिगाने आलंय 😅

पायपीट:
मी कौटुंबिक केसेस बघते, कुठे ते राहू द्या. तुमच्या तिघांच्याही यादीत एक गोष्ट नाहीये, ती म्हणजे केस बघणाऱ्या माणसाचा वेळ. गृहभेट म्हणजे काय असतं सांगते. पहिल्या भेटीत बाई म्हणते सगळं ठीक आहे. पुढच्या भेटीतही ठीकच असतं, मुलं भिंतीला टेकून बसलेली, कोणी काही बोलत नाही, आपण फॉर्म भरतो. मग कधीतरी आपण निघतो, ती दारापर्यंत सोडायला येते आणि आवाज खाली करून विचारते, "मॅडम, या अर्जावर ह्यांची सही लागतेच का?" बस, सगळी केस त्या प्रश्नात आहे. पण तो प्रश्न ती ओळखीच्या माणसालाच विचारते. आता एकेका वर्करच्या डोक्यावर इतक्या केसेस असतील की एका घरात अर्ध्या तासाच्या वर थांबता येत नाही, आणि वर्षात दोनदा वर्कर बदलली, तर तिने नव्या माणसाला परत पहिल्यापासून सगळं सांगायचं? ती नाही सांगत. कोणीच नाही सांगणार.

आणि दुर्घटना झाली की हमखास काय होतं तर एक नवा फॉर्म येतो. इंग्लंडमध्ये अगदी हेच झालं, प्रा. आयलीन मन्रो यांनी २०११ च्या सरकारी अहवालात लिहिलं की बालसंरक्षणाचं काम नियम पाळल्याचं दाखवण्यातच अडकलंय, मुलाला खरंच उपयोग झाला का हे बाजूला पडलंय. मला तर वाचताना वाटलं बाई आमच्या ऑफिसात बसून गेल्या की काय.

खडूसकाका:
तिसऱ्या बाईंना माझ्याकडून सांगा, छप्पर म्हणजे घर नव्हे. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, वर लोकांना गरिबीत ढकललं, आणि १९८९ ला तो पडला तेव्हा लाखभराहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. छप्पर तर होतंच. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास केला, चिठ्ठी टाकून निम्मी मुलं पालक-कुटुंबात, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या घरात ठेवली, बाकीची संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माया लावून घेणं सगळंच जास्त सुधारलं, आणि साधारण दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांचं सगळ्यात जास्त. म्हणजे उशिरा दिलेली चांगली गोष्टसुद्धा निम्मीच लागू पडते.

पण खरी मेख पैशाच्या वाटेत आहे. अमेरिकेत केंद्राचा बालकल्याणाचा मोठा निधी वर्षानुवर्षं मूल घरातून काढून दुसरीकडे ठेवलं की मिळायचा. घरातच मदत करून मूल तिथेच राहू द्यायचं तर त्या खात्यातून जवळजवळ काही नाही. मग खातं काय करणार? जिथे बिल निघतं तिथेच काम होणार ना. २०१८ मध्ये कायदा बदलून त्यातला पैसा व्यसनमुक्ती, मानसिक उपचार, पालकांना घरी येऊन मार्गदर्शन यासाठी वापरायची सोय झाली, आणि त्यालाही अटी आहेतच. तेव्हा बजेट वाढवा म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, कशाचं बिल निघतं तुमच्याकडे?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट आहे की निव्वळ गरिबी आहे म्हणून मूल आईबापांपासून तोडायचं नाही, उलट त्या कुटुंबाला मदत हवी आहे याची ती खूण समजायची.

बगशोधक:
मी याच प्रकारची सॉफ्टवेअर बनवतो त्यामुळे पोर्टलला सरसकट शिव्या पडणार म्हणून आधीच आलो 🙂 लंडनमधे २००० साली आठ वर्षांच्या एका मुलीचा घरच्यांच्या छळाने मृत्यू झाला. ती चार समाजसेवा खात्यांना, दोन हॉस्पिटलांना आणि पोलिसांच्या बालसंरक्षण पथकांना माहीत होती. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालात आहे की तिला वाचवायच्या किमान १२ संधी हुकल्या. प्रत्येकाकडे एकेक तुकडा, पूर्ण चित्र कोणाकडेच नाही. त्यामुळे माहिती जोडली पाहिजे हे मी सोडणार नाही.

प्रश्न एवढाच की जोडलेल्या माहितीतून तुम्ही शोधता काय, मदतीवाचून राहून गेलेला की चोर? नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यासाठी चोर शोधायला यंत्रणा लावली, त्यात डच नागरिकत्व नसणं हा धोक्याचा एक निकष. किरकोळ चूक किंवा एखादी सही राहिली तरी अख्खा भत्ता परत मागितला, हजारो आईबाप कर्जात बुडाले, कोणाची घरं गेली कोणाचे संसार मोडले, आणि अशा घरांतली हजारावर मुलं सरकारनेच दुसरीकडे ठेवली. म्हणजे जो भत्ता मुलांसाठी होता त्याच्या वसुलीत घर खचलं आणि मग मूल सांभाळायचा खर्च परत सरकारवरच. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान रुट्टे यांच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात तर गणितच चुकीचं होतं, सरकारी भत्ता घेणाऱ्या माणसाची वर्षाची कमाई सगळ्या पंधरवड्यांत सारखी वाटून टाकायची आणि फरक दिसला की थकबाकीची नोटीस. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न कधी सारखं असतं का? आणि हिशोब चुकीचा आहे हे सिद्ध करायचं ओझं कोणावर, तर जुन्या पगारपावत्या शोधत बसलेल्या माणसावर. २०२३ च्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, त्याची चांगलीच सालटी काढली.

पायपीट:
@बगशोधक पटलं, पण एक राहिलंच. पोर्टल येतं तेव्हा कागद बंद होत नाही हो, दोन्ही चालू राहतं. आधी रजिस्टर भरायचं आणि मग तेच टाईप करायचं. तो वेळ गृहभेटीतूनच जातो.

बगशोधक:
@पायपीट हो, ते खरंय 😐

आजीचीनात:
सगळे मुलांवरच बोलताय, म्हाताऱ्यांचं काय? जपानने २००० मध्ये दीर्घकालीन काळजीचा विमा सुरू केला, चाळिशी झाली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. म्हातारपणी अर्ज केला की माणूस घरी येऊन ७४ मुद्द्यांवर बघतो, उठता येतं का, स्वतःचे कपडे घालता येतात का, वेळकाळाचं भान आहे का वगैरे, मग ७ पैकी एक पातळी ठरते आणि केअर मॅनेजर तुमचं आठवड्याचं वेळापत्रक बसवून देतो. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरावा लागतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घरच्यांना रोख पैसे द्यायचे नाहीत, सेवाच द्यायची असं ठरलं. त्यावेळी बायकांच्या संघटना अडून बसल्या होत्या, की रोख दिलेत तर "तुला पैसे मिळतायत ना, मग कर" म्हणून सगळं परत सुनेच्या नाहीतर लेकीच्याच गळ्यात येईल. किती खरंय!

पेच तिथेही आहेच, म्हातारे वाढतायत, हप्ते वाढतायत, काळजीवाहू माणसं पुरत नाहीत कारण काम कष्टाचं आणि पगार बेताचा. पायपीटताई म्हणतात तेच शेवटी. नेदरलँड्समध्ये २००६ पासून ब्यूर्टझोर्ख नावाची घरपोच नर्सिंगची संस्था आहे, जास्तीत जास्त १२ जणींची टीम, वर मॅनेजर नाही, कोणाकडे कधी जायचं ते त्याच ठरवतात. आजींकडे रोज नवा चेहरा येत नाही.

चौकसबाई:
वा, भरपूर मिळालं. एक उपप्रश्न. पैसा मर्यादितच आहे असं धरलं तर फक्त सर्वात गरजूंना द्यायचं की सगळ्यांना थोडंथोडं? आमचा बजेटवाला नक्की हे काढणार.

खडूसकाका:
फिनलंडचं उदाहरण द्या त्याला. १९३८ मध्ये गरीब बाळंतिणींना कपडे, अंथरूण वगैरे भरलेली पेटी द्यायला लागले. १९४९ पासून गरीब-श्रीमंत सगळ्यांना, पण अट अशी की चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासणीला यायचं. पेटीच्या निमित्ताने प्रत्येक गरोदर बाई वेळेत तपासली गेली, आणि पेटी घेण्यात कमीपणाही उरला नाही. उलट फक्त "गरजू" शोधायला बसलात की गरज सिद्ध करायचे कागद आले, आणि जो सर्वात जास्त अडचणीत तोच ते कागद जमवू शकत नाही. अर्थात सगळंच सगळ्यांना देता येत नाही हे मलाही कळतं. दार सगळ्यांना एकच ठेवा, आत गेल्यावर ज्याला जास्त हवंय त्याला जास्त द्या.

आजीचीनात:
डेन्मार्कमध्येही १९९६ च्या कायद्याने ७५ च्या वरच्यांना कोणीतरी घरी येऊन विचारपूस करायची सोय केली होती, आजारी असो नसो. काका म्हणतात तसंच दार.

पायपीट:
चौकसबाई, गटात एक करून बघा. कोणी काहीही सुचवलं, पोर्टल, इमारत, भत्ता, काहीही, की विचारा याने वर्करचा घरातला वेळ वाढतो की कमी होतो. आणि वरिष्ठांपैकी कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा की तुमच्याकडच्या किती कुटुंबांची वर्कर गेल्या वर्षभरात बदलली नाही. किती भत्ते वाटले याचा आकडा लगेच मिळेल. हा बहुतेक कोणी ठेवतच नाही.

चौकसबाई:
हे छान आहे, रविवारी विचारते. पोर्टलवाल्याला नेदरलँड्सचं सांगितलं तर तो म्हणेल तिथे चोरही होतेच ना, त्यावर काय म्हणायचं?

बगशोधक:
म्हणा होते, चोर असतातच. पण चोर सुटला तर थोडे पैसे जातात, आणि निर्दोष आईला पकडलं तर वर लिहिलंय ते सगळं होतं. नोटीस जायच्या आधी एका माणसाने फाईल उघडून त्या बाईला फोन करायचा, एवढी एक पायरी त्याच्या पोर्टलमध्ये आहे का ते विचारा. नसेल तर डिझाईन परत करायला लागेल.