जाताना जास्त, येताना कमी

मुंबई-लंडन अंतर दोन्ही बाजूंनी तेच, मग येताना वेळ कमी म्हणजे विमान कंपनीची चलाखी, असं एकाने म्हटलंय. हे पटत नाही. हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. जाताना नऊ-दहा तास, येताना बहुतेक वेळा त्याहून तासभर तरी कमी. कारण दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा. हिवाळ्यात तो ताशी २०० किमीच्याही वर जातो. आमच्या मालवणातल्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘वारो पाठसून असलो काय वल्ह्याक कोण इचारता?’ संपला विषय! शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हापासून वळसा पडतो तो वेगळाच.

आणि कुडाळ-मालवणकडच्या लोकांनी नुसते विमानातले तास मोजू नयेत. गेल्या वर्षी लंडनहून मुंबईला नऊ तासांच्या आत उतरलो, पण चतुर्थीचे दिवस, रेल्वेचं तिकीट नाही. पनवेलहून कुडाळला रस्त्याने यायला चौदा तास लागले. अंतर जेमतेम साडेचारशे किमी. तिथे कुठला जेट स्ट्रीम?