भाच्याला ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रिकल ऑफिसर) कोर्स करू द्यावा का? बिनमाणसाची जहाजं येणार म्हणतात

दांडियाबाजारची_मावशी
मंडळी, भाचा बडोद्याच्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्या डोक्यात बसलंय की पुढे चार महिन्यांचा ईटीओ कोर्स करायचा आणि जहाजावर जायचं. भावजी म्हणतात, आता जहाजं आपोआप चालणार, तुला कोण घेणार? चालतील हो आपोआप, पण बिघडली तर बघणार कोण? लाईनमधलं कुणी असेल तर सांगा, फी भरायचीय.

निवृत्त_चीफ
मावशी, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. माझी बावीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली. जहाजाचं इंधन, हेवी फ्युएल, म्हणजे डांबरासारखं, गरम केल्याशिवाय वाहत नाही, मग प्युरिफायर (इंधनातला गाळ काढणारं यंत्र) उघडून साफ करा, फिल्टर धुवा, इंजेक्टर बदला, हे सगळं चालत्या जहाजावर. रात्री इंजिनरूम रिकामी ठेवायची पद्धत जुनीच आहे, यूएमएस म्हणतात, पण अलार्म वाजला की ड्यूटीवाला बॉयलरसूट चढवत पळतो. माणूसच नसला तर? 'मेफ्लॉवर' नावाची बिनमाणसाची बोट २०२१ ला इंग्लंडहून अमेरिकेला निघाली, जनरेटरच्या एक्झॉस्टची (धुराच्या नळीची) छोटी कपलिंग, म्हणजे जोड, तुटली, आली परत. २०२२ ला पुन्हा निघाली तर जनरेटरच्याच भानगडीपायी आधी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे वळवावी लागली, मग कॅनडात हॅलिफॅक्सला. ती कपलिंग मी तरी पत्रा आणि क्लॅम्प लावून धकवली असती.

कलाभवन_जुना
काका, पण नॉर्वेची 'यारा बिर्कलंड' पूर्ण बॅटरीवर आहे ना, १२० कंटेनरची, ७ मेगावॉट तासांच्या आसपास बॅटरी. तिथे कुठला आलाय इंजेक्टर?

निवृत्त_चीफ
म्हणूनच तर पोराला इलेक्ट्रिकलमधूनच जाऊ द्या म्हणतोय. पण तिचा पल्ला बघा, किनाऱ्याकिनाऱ्यानं, आणि २०२२ ला धंद्याला लागली तेव्हा वर माणसं होतीच. काम संपत नाही हो, बंदरावर सरकतं. मोटरचं बेअरिंग आवाज करतंय हे आम्ही स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ओळखायचो, आता तिथे व्हायब्रेशन सेन्सर, आणि तो बिघडला तर म्हणून शेजारी दुसरा. कॅमेऱ्याच्या काचेवर मीठ बसतं ते पण कुणीतरी पुसायचंच. गंज ठोकून खरवडायला डेकवर पोरं नाहीत म्हणजे तेही बंदरातच, आणि तळाची तपासणी पाच वर्षांत दोनदा, ती काही चुकत नाही. एक मात्र खरं, क्रू नाही म्हणजे भटारखाना, केबिनचा एसी, संडासाचा व्हॅक्यूम पंप सगळंच गेलं. त्या पंपानं मला मेन इंजिनपेक्षा जास्त रात्री जागवलंय.

तर करू द्या कोर्स, डीजी शिपिंगची (केंद्र सरकारच्या जहाज खात्याची) मान्यता असलेल्या संस्थेतच. सोबत पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) शिकू दे, आणि सुट्टीत एखाद्या वर्कशॉपला पंप खोलायला बसवा, नुसत्या लॅपटॉपवाल्याला जहाजावर कुणी विचारत नाही. फी भरायच्या आधी मेडिकल मात्र करून घ्या, रंग नीट ओळखता येत नसतील तर तिथेच गाडी अडते.

दांडियाबाजारची_मावशी
थँक्यू काका. उद्याच नेते डोळे तपासायला. न्यायमंदिरच्या चौकात ज्या तऱ्हेनं स्कूटर काढतो ते बघता लाल दिवा त्याला दिसतो की नाही, शंकाच आहे.